काउंटरवर सांगितलेलं वय

१२ ऑगस्ट

ठके,

पत्राच्या माथ्यावर आशीर्वाद लिहायचे असतात, असं जावईबापू म्हणतात. मी म्हटलं, थांबा जरा. ती घेणार की नाही ते आधी कळू दे. एवढ्या लांबून पाठवायचे आणि तिने दारातूनच परत करायचे, त्यापेक्षा राहू देत माझ्यापाशी.

अक्षर अनोळखी वाटेल. माझं नाही हे तुला सांगायला नको, मला कुठलं आलंय लिहायला! लेक सकाळीच कामावर जाते, म्हणून जावयाला बसवलंय. दातांच्या कवळ्या बनवतात ते. घराच्या तळखोलीत त्यांचं काम चालतं. फळ्यांवर लोकांचे प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिथे दिवा लावला तर पन्नास-साठ जण एकदम माझ्याकडे बघून हसले. माझीही कवळी त्यांनीच केली. तेव्हा माझ्या तोंडून काही वाकडं निघालं, तर निम्मा दोष त्यांचा धर.

फोन का नाही केला, असं विचारशील. केला होता. तुझी सून म्हणाली, 'आई अंघोळीला गेल्यात.' मागच्या दिवाळीलाही तू अंघोळीलाच गेली होतीस. त्याच्या आधीही. अकरा वर्षं अंघोळ चाललीय, किती स्वच्छ झाली असशील ग! पत्र मात्र तू बाहेर येईपर्यंत टेबलावर थांबेल.

तर कारण असं. भाच्याच्या लग्नात कुणीतरी म्हणालं की मी लेकीकडे परदेशात चाललेय. तू पाठमोरी होतीस. तशीच, मान न वळवता म्हणालीस, "मग येताना एक बाटली आणायला सांगा तिला." सगळे हसले. मीही हसले. पण अकरा वर्षांत तू माझ्याकडे काही मागितलंस ते तेवढंच. माझ्याकडे म्हणजे दुसऱ्यांकरवी, पण मागितलंस. तू हल्ली झोपताना झाकणभर ब्रँडी घेतेस, सांध्यांसाठी, हेही कानावर आलंय. सांधे तुझे, झाकण तुझं, मी बोलणारी कोण. बाटली मात्र माझी.

काल गेलो दुकानात. जावईबापू थेंबालाही शिवत नाहीत. दाराशी असे उभे राहिले की जणू मीच त्यांना वाईट नादाला लावलंय. मला वाटलं होतं दारूचं दुकान म्हणजे अंधार, बाकडी, पडलेली माणसं. इथे औषधाच्या दुकानासारखा लख्ख उजेड. बाटल्या अशा मांडल्यात की जणू लग्नाच्या मुली दाखवायला बसवल्यात. मी एक निवडली, काळपट सोनेरी, बुटकी, कमरेत जाड. तुझी आठवण झाली. छातीशी धरून काउंटरवर नेली.

तिथे जांभळ्या नखांची एक पोरगी. जावईबापूंनी आपलं ओळखपत्र दाखवलं. तिने मान हलवली आणि माझ्याकडे हात केला. मी तिला नमस्कार केला. तिला तो नको होता, तिला माझाही कागद हवा होता.

"काय म्हणते?"

"तुम्ही सज्ञान आहात याचा पुरावा मागतेय."

ठके, माझे केस बघ, पाठ बघ. मी म्हटलं, "सांगा तिला, माझ्या नातीची दहावी झालीय." त्यांनी सांगितलं. ती गोड हसली आणि म्हणाली, इथे तोंड बघून देत नाहीत, कागद बघून देतात. बरोबर असलेल्या प्रत्येकाचा. मग मी पदर आडवा धरला, कवळी काढली आणि ठेवली काउंटरवर. म्हटलं हा घे पुरावा. मागच्या रांगेतला एक माणूस खोकायला लागला. पोरीने वाकून बघितलं आणि म्हणाली, "फार सुबक काम आहे." जावईबापू लाजून पाणी पाणी झाले. बाटली नाही दिली ती नाहीच.

(सासूबाईंनी पुढे त्या मुलीसाठी एक शब्द सांगितला होता. मी गाळला. वाचून दाखवताना त्यांनी ओळखलं. शब्द 'भवानी' असा होता. — जावई)

ते म्हणाले, मी उद्या एकटा जाऊन आणतो. मी म्हटलं, मुळीच नाही. मागितली माझ्याकडे, घेणार मी. पुढच्या आठवड्यात पासपोर्ट घेऊन जाऊ.

आईच्या ट्रंकेपाशी मी जे बोलले ते थट्टेत होतं. एवढंच लिहायचं होतं खरं तर. बाकीचं उगाच लांबलं.

तुझी तायडी

२० ऑगस्ट

ठके,

पहिलं पत्र अजून वाटेत असेल आणि मी दुसरं सांगायला बसले. जावईबापूंनी आज तीन जबडे बाजूला सारून टेबल मोकळं केलं. म्हणतात, "आज लवकर आटपू या, एका गिऱ्हाइकाला संध्याकाळी जेवायचंय."

पासपोर्ट घेऊन गेलो. वाटेत मला दोनदा बजावलं, "सासूबाई, तुम्ही काही बोलायचं नाही. कागद पुढे करायचा आणि गप्प राहायचं." मी म्हटलं, गप्प राहण्यात माझा हात कोण धरणार.

त्या दिवशीची पोरगी नव्हती. एक जाडजूड चष्मेवाला होता. त्याने पासपोर्टवरचा फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला. फोटो कवळीच्या आधीचा ना! त्यात माझे गाल आत गेलेले आणि हनुवटी नाकाला भेटायला निघालेली. समोर मी ही अशी, बत्तीस दातांची ठणठणीत. ही बाई ती नव्हेच, अशी त्याला शंका. ज्याने दात दिले तोच शेजारी उभा, आणि त्याला धड सांगताही येईना.

मग त्याने पासपोर्ट मिटून स्वतःच्या हाताखाली ठेवला आणि काहीतरी विचारलं. जावईबापू म्हणाले, "जन्मतारीख विचारतोय. नुसतं वय सांगितलंत तरी चालेल."

अठ्ठावन्न वर्षं ठके, मी ते एक गणित पाठ केलंय. कुणीही विचारू दे, डॉक्टर, जनगणनेवाली बाई, शिधापत्रिकेचा कारकून, खऱ्यातून चार वजा करून सांगायचे. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी चुकले नसते. आणि त्या परक्या माणसासमोर, जो मला पुन्हा जन्मात भेटणार नाही, माझ्या तोंडून निघालं, "अठ्ठ्याहत्तर."

जावईबापू पडले सरळ. जसं ऐकलं तसं त्याच्या भाषेत सांगून मोकळे झाले.

त्याने पासपोर्ट उघडला. चौऱ्याहत्तर. त्याने आतून आणखी एकाला बोलावलं. दोघे बोटांवर हिशोब करू लागले. मी म्हटलं, "अहो, मी जास्तच सांगितलं ना! कमी सांगितलं असतं तर धरायचं." पण नाही. बोललेलं आणि लिहिलेलं जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर बाटली नाही. आमच्या मागे आलेला एक नुकतं मिसरूड फुटलेला पोरगा दोन बाटल्या घेऊन ऐटीत निघून गेला.

गाडीत बसलो, त्यांनी माझा पट्टा लावला. मग ते म्हणाले, "चार वर्षं कुठे गेली, सासूबाई?"

"लग्नात गेली."

सांगितलं त्यांना. वीस वर्षांची मुलगी म्हणजे घोडनवरी, कुणी पसंत करेना. तेव्हा बाबांनी मला सोळाची केली. त्या काळात सगळेच करायचे. हे गेले तोवर मला तशीच समजून दटावत राहिले, 'तू लहान आहेस, तुला नाही कळायचं.' मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

"आणि धाकट्या मावशी? थोरली सोळाची म्हटल्यावर त्या?"

कवळी बनवणारा माणूस. कुठे पोकळ आहे ते बोटाला लगेच लागतं त्याच्या.

तुलाही खाली आणावंच लागलं. सतराची तेरा केली तुला. पण तुझ्यापाशी शाळेचा दाखला आहे, तो खरा. म्हणून कागदावर आज तू माझ्याहून वर्षाने मोठी आहेस. तेव्हा माझाच नमस्कार घ्या, ताईसाहेब.

दाखल्याचं नाव काढायला नको होतं. खोडा म्हटलं तर जावईबापू म्हणतात, शाईने लिहिलंय. तू त्यावर बोट ठेवून वाचशील, मला ठाऊक आहे.

इथे परसात दोरीवर लेकीचे निळे कपडे वाळत घातलेत. नर्सचे. वाऱ्याने फुगले की आत कुणीतरी उभं आहे असं वाटतं. मी ते घडी करताना तुझी मापं घेते. खांद्यात तुला सैल झाले असते. आता पुरे, जावईबापूंच्या गिऱ्हाइकाला जेवायचंय.

तायडी

९ सप्टेंबर

ठके,

तुझी चिठ्ठी मिळाली. तुझ्या सुनेने फोनवर तिचा फोटो पाठवला. जावईबापूंनी तीनदा वाचून दाखवली. चौथ्यांदा म्हटलं तर म्हणाले, "सासूबाई, चारच ओळी आहेत, बदलणार नाहीत." तरी वाचली.

'पत्रं मिळाली. जावयाचं अक्षर चांगलं आहे. बाटलीचं मी लोकांना हसवायला बोलले होते, आणू नये. खरं वय इतक्या लांब जाऊन आठवलं, बरं झालं.'

वर मायना नाही, खाली सही नाही. 'तायडे' कुठे नाही. मी त्यांना विचारलं, कडेला कुठे बारीक अक्षरात असेल, फोटोत कापलं गेलं असेल. त्यांनी फोटो मोठा करून कडा बघितल्या. नव्हतं.

तू नको म्हणालीस, तरी मी परवा गेले. हट्टी कोण हे आपल्या घरात कधी ठरलंच नाही. ह्या वेळी दुसरं दुकान, लांबचं. जावईबापूंनी घरीच माझी उजळणी घेतली. "वय किती?" "चौऱ्याहत्तर." "वय किती?" "चौऱ्याहत्तर." सगळे जबडे ऐकत होते. मी एकदम तयार झाले.

काउंटरवर एक म्हातारी होती, माझ्याच वयाची. म्हणजे कुठल्या वयाची ते सोड. तिने पासपोर्ट बघितला, मला बघितलं आणि विचारलं. बाटली आमच्या दोघींच्या मधे होती. जावईबापू माझ्याकडे बघत होते. नुसता आकडा, ठके. अठ्ठावन्न वर्षं सांगितलेला.

आणि माझ्या मनात आलं की ही बाटली मी हाच आकडा सांगून नेणार, आणि तुझ्या पुढ्यात ठेवून म्हणणार, घे, तुझ्यासाठी आणली.

मी म्हटलं, "चला." जावईबापू म्हणाले, "मी सांगतो, तुम्ही गप्प राहा." मी म्हटलं, "गप्पच होते हो आजवर." त्या बाईने बाटली उचलून मागच्या फळीवर ठेवली. बाहेर फुटपाथवर एक बाक होतं. तिथे बसले आणि आता तुला सांगते ते त्यांना आधी सांगितलं. त्याशिवाय लिहिणार कोण?

आईच्या ट्रंकेत तुझा दाखला सापडला. तू तो हातात धरून विचारलंस, "तायडे, माझी शाळा सोडवायचं बाबांना कुणी सुचवलं ग?" मी म्हटलं, "बाबांनाच विचार." बाबांना जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. तू उठून गेलीस. मी त्याला थट्टा म्हणत आले. थट्टा नव्हती. तुझा बाण बरोबर लागला होता, म्हणून मी ओरबाडलं.

मी सुचवलं.

बाबा आईला सांगत होते, मोठीला सोळा सांगू, धाकटीला तेरा. मी दारात तांदूळ निवडत होते. तुझ्या शाळेचं त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, पण ती मॅट्रिकच्या वर्गात जाते. तेरा वर्षांची मुलगी मॅट्रिकला कशी असेल? आणि मुलाची मावशी शाळेसमोरच राहते, रोज दप्तर घेऊन जाताना बघेल." बाबांनी हातातला कप खाली ठेवला. एवढंच. दुसऱ्या दिवशी तुझं जाणं बंद झालं. लग्नापुरतं म्हणाले होते. लग्न झालं तोवर परीक्षा होऊन गेली होती, आणि नंतर कुणी तुला पाठवलं नाही.

तू रडत होतीस तेव्हा मी तुझ्या डोक्याला तेल लावलं. म्हटलं, "बाबांचं डोकंच फिरलंय." हेही मीच म्हटलं.

का, तर तो मला आवडला होता. खिडकीतून बघितला होता, चप्पल काढताना तोल गेला आणि स्वतःशीच हसला होता. मला भीती वाटली की हे मोडेल. पण एवढंच असतं तर आधीच सांगितलं असतं, त्यात काय लाजायचं. दुसरंही होतं. तुला सांभाळायचं म्हणून मला शाळेत घातलं नव्हतं. तू पाटी घेऊन निघायचीस आणि मी तुझी वेणी घालून द्यायचे, रोज. त्या दिवशी बाबांनी कप खाली ठेवला तेव्हा मला आत कुठेतरी बरं वाटलं होतं. क्षणभरच. तो क्षण कुणाला सांगितला नाही, ह्यांनाही नाही.

जावईबापू वाचून दाखवतात, पण त्यांचा स्वभाव मऊ. टोचेल तिथे घासून गुळगुळीत करायची सवय आहे हातांना. म्हणून मी त्यांना शपथ घातलीय.

(जसं सांगितलं तसंच लिहिलं आहे. — जावई)

तायडी

२४ सप्टेंबर

ठके,

परवा निघते. बॅगेत लेकीने तुझ्यासाठी स्वेटर घातलाय. बाटली नाही.

तू काल फोन केलास. लेकीने फोन कानाला लावून दिला, "मावशी आहे, तुझ्याकडेच द्यायला सांगतेय." मला नुसता श्वास ऐकू येत होता. मग तू म्हणालीस, "कुठला कप ग? बाबा चहा कधी प्यायचे?"

मी म्हटलं, "काढा होता. खोकला झाला होता त्यांना."

"हां."

"तांदूळ निवडत होतीस?"

"हो."

"आणि मी कुठे होते?"

"शाळेत."

मग तू जे बोललीस ते मी इथे लिहायला सांगणार नाही, ते माझ्याजवळ राहू दे. ते बरोबरच होतं. शेवटी म्हणालीस, "उतरलीस की थेट माझ्याकडे यायचं. आधी घरी नाही, देवळात नाही, कुठेही नाही. हे असलं परक्याच्या अक्षरात मला नको. माझ्यासमोर बस आणि तोंडाने सांग." आणि ठेवलास.

जावईबापूंना वाईट वाटलं, परक्याचं अक्षर म्हणालीस म्हणून. मी समजूत घातली. म्हटलं, तिने आधी चांगलं म्हटलंय.

ठके, 'ये' म्हणालीस ना? मी लेकीला विचारलं, ती खरंच 'ये' म्हणाली का? ती म्हणाली, "आई, रागात म्हणाली." असू दे. मी रात्री दोनदा उठून बॅग उघडली आणि बंद केली. तुझं घर मी अकरा वर्षांत बघितलं नाही. दाराला आता कुठला रंग आहे, तू कुठे बसतेस, उजेडाकडे तोंड करून की पाठ करून, मला काही ठाऊक नाही. विमानात इतके तास मी तेच मांडत बसणार.

हे पत्र माझ्या मागून येईल. जावईबापू म्हणतात, आठ-दहा दिवस तरी लागतील. तोवर मी येऊन गेलेली असेन. तोंडाने सांगितलेलं असेल. तू हाकलून दिलं असशील, तर हे न वाचता ठेवून दे.

नसेल दिलं, मी अजून तुझ्याकडेच असेन, तर एक मागणं आहे.

तू शाळेतून आलीस की उंबऱ्यावर बसून धडे मोठ्याने वाचायचीस. मी आत भांडी घासायचे. तू वाचायला लागलीस की माझा हात थांबायचा, आवाजाने मधलं काही बुडू नये म्हणून. आई ओरडायची, झोपलीस का ग? मी तुला कधी कळू दिलं नाही. कुठल्या कुठल्या नद्या, कुठले राजे, एक विहिरीत पडलेला कोल्हा, माझ्याजवळ जे काही आहे ते तेवढंच आहे, तुझ्या आवाजातलं. माझ्या लग्नाआधीच्या त्या दोन महिन्यांत घरात भांडी वाजत राहिली, आणि मला थांबायला कारण उरलं नाही. ते मी माझं मीच केलं होतं.

पुढे पुष्कळांनी मला वाचून दाखवलं. ह्यांनी, लेकीने, आता जावयाने. मी ऐकते. हात थांबत नाही.

तेव्हा चष्मा लाव आणि हे तू मला वाचून दाखव. पहिल्या ओळीपासून, मोठ्याने. माझं तोंड बघवत नसेल तर तिकडे वळून वाच. मधे राग आला, आवाज अडकला, तर थांब हवी तेवढी. मी बसलेय.